पिचरचा हात कसा मोजतात?

शनिवारी सकाळी माझ्या उजव्या मुठीत एक क्लिकर, म्हणजे दाबलं की आकडा एकाने वाढवणारं छोटं यंत्र, असतो. माझा मुलगा बारा वर्षांचा आहे, न्यू जर्सीतल्या आमच्या गावच्या लिटल लीग टीमकडून (लिटल लीग म्हणजे मुलांचं बेसबॉल) पिचिंग करतो, आणि त्या टीमच्या पिच मोजायचं काम मी अंगावर घेतलं आहे. (पिच म्हणजे इथे खेळपट्टी नव्हे, पिचरने फेकलेला चेंडू.) पिच पडली की टक. बॅटरने सोडली तरी टक, फाउल (रेषेबाहेर) मारली तरी टक. ११ आणि १२ वर्षांच्या मुलांना एका दिवसात ८५ पिचची मर्यादा आहे, पण खरी घालमेल त्याच्या आधीच सुरू होते. ५१ ते ६५ पिच टाकल्या तर पुढचे तीन दिवस सक्तीची विश्रांती, ६६ किंवा जास्त टाकल्या तर चार दिवस. शनिवारची मॅच झाल्यावर पुढची बुधवारी असेल, तर साठावी पिच पडल्यापासून आमचे कोच सारखे माझ्या मुठीकडे बघायला लागतात.

क्लिकरमुळे मी या विषयात शिरले. पिचर चांगला आहे हे ठरवतात कसं, त्याला कोट्यवधी डॉलर कशाच्या आधारावर देतात, आणि त्याचा हात किती सोसेल याचा अंदाज कोण बांधतं? पहिल्या दोन प्रश्नांवर गेल्या पंचवीस वर्षांत विलक्षण काम झालं आहे. तिसऱ्या प्रश्नापाशी मात्र आपण अजून क्लिकर घेऊनच उभे आहोत. हे तिन्ही प्रश्न एकमेकांत कसे अडकले आहेत, ते सांगायचं आहे.

आधी खेळाची जुजबी ओळख. क्रिकेटमध्ये बोलर षटक टाकून सीमारेषेवर जाऊन उभा राहतो. बेसबॉलमध्ये पिचर एकदा उतरला की त्याला काढेपर्यंत प्रत्येक चेंडू तोच टाकतो, आणि काढल्यावर त्या मॅचमध्ये पुन्हा टाकायला येत नाही. मोठ्यांच्या खेळात तो दहा इंच उंचीच्या मातीच्या उंचवट्यावरून, ६० फूट ६ इंच अंतरावर, टप्पा न पाडता फेकतो. मॅच नऊ इनिंगची, प्रत्येक इनिंगला तीन आऊट. सुरुवात करतो तो स्टार्टर. तो दमला की रिलीव्हर येतात. स्टार्टरची पाळी साधारण पाच-सहा दिवसांनी एकदा येते. अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये प्रत्येक टीम मोसमात १६२ मॅच खेळते.

सगळ्यात जुना हिशेब विजयाचा. स्टार्टरने किमान पाच इनिंग टाकल्या, तो बाहेर पडला तेव्हा टीम पुढे होती आणि ती आघाडी शेवटपर्यंत टिकली, तर विजय त्याच्या नावावर लागतो. साय यंगच्या नावावर असे ५११ विजय आहेत, आणि वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचा पुरस्कारही त्याच्याच नावाने देतात. त्याच्या काळात मॅच सुरू करणाराच बहुधा ती संपवायचा. त्याने तशा ७४९ मॅच एकट्याने संपवल्या. तेव्हा हा हिशेब चालून जाण्यासारखा होता. पुढे पिचर सहाव्या इनिंगला घरी जायला लागला आणि पुढच्या तीन इनिंग कुणीतरी दुसरा टाकू लागला, तरी वर्तमानपत्रात त्याच्या नावापुढे विजय-पराजयच छापले जायचे.

न्यूयॉर्क मेट्सच्या जेकब डीग्रॉमचं २०१८ सालचं उदाहरण घेऊ. त्याच्या नावावर १० विजय आणि ९ पराभव. त्याच वर्षी त्याच लीगमध्ये शिकागो कब्जच्या जॉन लेस्टरचे १८ विजय आणि ६ पराभव. नुसतं एवढंच वाचलं तर लेस्टर कितीतरी वरचढ. पण डीग्रॉमने त्या वर्षी २१७ इनिंग टाकल्या आणि त्याच्या खात्यावर फक्त ४१ रन लागले. नऊ इनिंगला किती रन पडले असा दर काढायचा: ४१ गुणिले ९ भागिले २१७, उत्तर १.७०. याला ईआरए म्हणतात. लेस्टरचा ईआरए होता ३.३२. म्हणजे लेस्टर दर मॅचला जवळजवळ दुप्पट रन देत होता, पण त्याचे बॅटर रन काढत होते आणि मेट्सचे काढत नव्हते. मेट्सने त्या वर्षी १६२ पैकी ७७ मॅच जिंकल्या. पुरस्काराच्या मतदानात डीग्रॉमला पहिल्या क्रमांकाची ३० पैकी २९ मतं मिळाली. २०१० साली सिएटलच्या फेलिक्स हर्नांडेझला १३ विजय आणि १२ पराभव असताना हाच पुरस्कार मिळाला, तेव्हा अनेकांनी डोक्याला हात लावला होता. आठ वर्षांत माणसं एवढी बदलली, हे मला आजही सुखावतं. दुसऱ्याच्या अपयशाचं माप पिचरच्या पदरात घालायचं नाही, एवढं तरी सगळ्यांना पटलं.

पण ईआरएमध्येही दुसऱ्यांचं पुष्कळ काही मिसळलेलं असतं. फील्डरच्या चुकीमुळे गेलेले रन त्यातून वगळतात, आणि चूक कोणती हे प्रेस बॉक्समध्ये बसलेला स्कोअरर ठरवतो. चपळ फील्डर धावत जाऊन चेंडूला हात लावतो आणि तो सुटतो, तर चूक नोंदली जाते. मंद फील्डर चेंडूपर्यंत पोचतच नाही, तर चूक नाही. तो हिट, म्हणजे बॅटरला बेस मिळवून देणारा फटका, ठरतो आणि रन पिचरच्या खात्यावर जातात. म्हणजे सुस्त फील्डरांच्या पुढे उभा राहिलेला पिचर कागदावर वाईट दिसतो.

इथे वॉरोस मॅक्रॅकन नावाच्या एका अभ्यासकाने २००१ साली जे लिहिलं, त्याने या खेळाचं डोकंच फिरवलं. त्याने पिचरच्या हातात असलेल्या गोष्टी वेगळ्या काढल्या: स्ट्राइकआऊट (तीन स्ट्राइकवर बॅटर आऊट), वॉक (चार वाईट चेंडूंमुळे बॅटरला फुकट मिळालेला पहिला बेस), होमरन (मैदानाबाहेर गेलेला फटका) आणि बॅटरला लागलेला चेंडू. या चारांत फील्डरचा संबंध येत नाही. उरलेले सगळे फटके मैदानात पडतात, आणि त्यातल्या साधारण दहापैकी तिनांचं हिट होतं. मॅक्रॅकनला दिसलं की हे प्रमाण एकाच पिचरच्या बाबतीत वर्षागणिक वाटेल तसं वरखाली होतं. बोस्टनच्या पेड्रो मार्टिनेझचंच बघा. १९९९ साली त्याच्या चेंडूंवर मैदानात पडलेल्या फटक्यांपैकी साधारण एक तृतीयांश हिट ठरले. २००० साली एक चतुर्थांशसुद्धा नाही. माणूस तोच, हात तोच, दोन्ही वर्षी अव्वल. बदलले ते फील्डर कुठे उभे होते आणि चेंडू कुठे पडला, हे.

पुढच्या अभ्यासात या म्हणण्याची धार थोडी कमी झाली. काही पिचर बॅटरला खरोखरच मऊ फटके मारायला लावतात, पण तो गुण दिसायला बरीच वर्षं लागतात. मूळ मुद्दा मात्र टिकला, आणि त्यातून टॉम टँगोने एक साधं सूत्र बसवलं, त्याला एफआयपी म्हणतात. होमरनला १३ ने गुणायचं, वॉक आणि लागलेले चेंडू मिळून ३ ने, स्ट्राइकआऊटला २ ने गुणून ते वजा करायचे, आणि सगळ्याला इनिंगने भागायचं. आलेलं उत्तर ईआरएच्या पट्टीवर यावं म्हणून त्यात त्या वर्षाचा एक ठरावीक आकडा मिळवायचा, साधारण तीनच्या पुढचा. डीग्रॉमचं २०१८ कागदावर मांडून बघू. होमरन १०, म्हणजे १३०. वॉक ४६ आणि लागलेले ५, म्हणजे १५३. स्ट्राइकआऊट २६९, म्हणजे ५३८ वजा. १३० अधिक १५३ उणे ५३८, उरले उणे २५५. त्याला २१७ ने भागलं की उणे १.१८ येतात. त्या वर्षीचा ठरावीक आकडा ३.१६ होता, तो मिळवला की १.९८. ईआरए १.७० होता, म्हणजे थोडी दैवाची आणि फील्डरांची साथ होती, पण बहुतेक सगळं काम त्याच्या हाताचं होतं. पाटीवर दहा मिनिटांत होणारं हे गणित आहे, आणि सात वर्षांच्या पोराने जमाखर्च मांडावा तितकं सरळ आहे.

या सूत्राकडे पुन्हा एकदा बघा. स्ट्राइकआऊट जितके जास्त, तितका पिचर उत्तम. पुढे याचा संबंध येणार आहे.

मैदान आणि काळ यांचीही सोडवणूक करावी लागते. डेन्व्हरचं मैदान समुद्रसपाटीपासून जवळपास एक मैल उंचीवर आहे. तिथे हवा विरळ, चेंडू लांब जातो आणि वळायचा तेवढा वळत नाही. तिथल्या पिचरचा ४.०० आणि समुद्रकाठच्या पिचरचा ४.०० एक कसा धरायचा? म्हणून लीगची सरासरी १०० धरून, मैदानाचा परिणाम वजा करून एक आकडा काढतात, त्याला ईआरए प्लस म्हणतात. पेड्रोच्या २००० सालच्या मोसमात तो २९१ होता. तेव्हा अमेरिकन लीगमध्ये (मेजर लीगच्या दोन गटांपैकी एक) रन अक्षरशः वाहत होते, सरासरी ईआरए ४.९१. पेड्रोचा १.७४. त्याच्या खालोखाल दुसऱ्या क्रमांकावर होता त्याचा ३.७०. पहिला आणि दुसरा यांच्यात इतकी मोठी दरी मी दुसऱ्या कुठल्या खेळात पाहिलेली नाही.

रिलीव्हरांसाठी ‘सेव्ह’ नावाचा हिशेब १९६९ पासून अधिकृत आहे. थोडक्या आघाडीची मॅच सुखरूप संपवली की सेव्ह मिळतो. न्यूयॉर्क यांकीजच्या मारिआनो रिव्हेराचे ६५२. या आकड्याला मी फार महत्त्व देत नाही. तो पिचरच्या कर्तबगारीपेक्षा त्याला कोणत्या वेळी उतरवलं हे जास्त सांगतो.

आता किंमत. मालकाला शेवटी एकच कळायला हवं असतं: या माणसामुळे आपल्या किती मॅच जास्त जिंकल्या जातील? त्यासाठी वॉर नावाचं माप आहे. तुलना सरासरी पिचरशी करत नाहीत, कारण सरासरी पिचरही सहज मिळत नाही. तुलना करतात ती अशा पिचरशी, जो उद्या सकाळी खालच्या लीगमधून किमान पगारावर उचलून आणता येईल. त्याच्यापेक्षा किती रन वाचवले हे काढायचं आणि साधारण दहा रनांना एक विजय असा भाव लावायचा. डीग्रॉमचं २०१८ मधलं वॉर साधारण नऊ-दहाच्या घरात येतं. नेमका आकडा कुठला, यावर दोन मोठ्या हिशेबांत मतभेद आहे: एक एफआयपीपासून सुरू करतो, म्हणजे ‘काय व्हायला हवं होतं’ ते मोजतो, दुसरा प्रत्यक्ष पडलेल्या रनांपासून सुरू करून फील्डरांचा वाटा वजा करतो. दोघांची तत्त्वं वेगळी आहेत आणि दोन्ही प्रामाणिक आहेत. एका वर्षाच्या हिशेबाला मला दुसरा पटतो, पुढच्या वर्षाचा अंदाज बांधायला पहिला.

यातून करार ठरतात. गेरिट कोलला यांकीजने डिसेंबर २०१९ मध्ये नऊ वर्षांचे ३२.४ कोटी डॉलर दिले. जपानच्या योशिनोबू यामामोतोला लॉस एंजेलिस डॉजर्सनी डिसेंबर २०२३ मध्ये, अमेरिकेत एकही पिच टाकण्यापूर्वी, बारा वर्षांचे ३२.५ कोटी. हे पैसे हमीचे असतात. हात निकामी झाला तरी द्यावेच लागतात. म्हणून पिचरची किंमत काढताना दोन गोष्टींचा गुणाकार करावा लागतो: एका इनिंगला तो किती चांगला, आणि किती इनिंग टाकू शकेल. पहिलं आपण फार बारकाईने मोजायला शिकलो. किती बारकाईने, ते सांगते.

क्रिकेटमध्ये पायचीत ठरवायला जे हॉक-आय वापरतात, तेच २०२० पासून मेजर लीगच्या मैदानांत बसवलेलं आहे. चेंडू बोटांतून कुठल्या बिंदूवर सुटला, ताशी किती मैलांनी गेला, मिनिटाला किती फेऱ्या घेत होता, किती इंच वळला, हे प्रत्येक पिचचं नोंदवलं जातं. चांगली फास्टबॉल, म्हणजे पिचरची सगळ्यात वेगवान पिच, मिनिटाला दोन हजारांहून जास्त वेळा उलटी फिरते. त्यामुळे ती बॅटरच्या अपेक्षेपेक्षा कमी खाली येते आणि बॅट तिच्या खालून फिरते. आता बॅटरने काय केलं हे न बघताही, नुसत्या चेंडूच्या वागण्यावरून पिच किती चांगली हे सांगणारी गणितं आहेत. खालच्या लीगमधल्या एखाद्या अनोळखी पोराच्या वीस पिच बघून मोठी टीम त्याला उचलते, ती याच जोरावर.

आणि या सगळ्या मोजणीतून एक गोष्ट पुन्हा पुन्हा वर आली: वेग. वेगाला स्ट्राइकआऊट मिळतात, स्ट्राइकआऊटला फील्डर लागत नाहीत, एफआयपी खाली येतो, वॉर वर जातं, करार मोठा होतो. २००८ साली मेजर लीगमधल्या फास्टबॉलचा सरासरी वेग ताशी ९१-९२ मैल होता. आता तो ९४ च्या वर, म्हणजे ताशी १५१ किलोमीटरहून अधिक आहे. ही सरासरी आहे, सगळ्यांची, हे लक्षात घ्या.

दुसरीकडे असंही दिसून आलं की बॅटर एकाच मॅचमध्ये एकाच पिचरला तिसऱ्यांदा सामोरा आला की त्याला जास्त चांगला मारतो. मग पिचरला त्याआधीच काढायची पद्धत पडली. २०२० च्या वर्ल्ड सीरिजच्या, म्हणजे मोसमाच्या अंतिम मालिकेच्या, सहाव्या मॅचमध्ये टँपा बेच्या ब्लेक स्नेलने नऊ जणांना स्ट्राइकआऊट केलं होतं, फक्त दोन हिट दिले होते, आणि ७३ पिचनंतर त्याला काढलं. टँपा बे ती मॅच आणि सीरिज दोन्ही हरले. त्या निर्णयावर लोक अजून वाद घालतात. मला त्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं ते असं की लवकरच काढणार हे पिचरला आधीच माहीत असतं. मग दम राखून ठेवायचं कारण उरत नाही. तो पहिल्या पिचपासून जीव तोडून फेकतो.

हे सगळं येऊन पोचतं कोपराच्या आतल्या बाजूच्या एका छोट्या पट्टीवर. दंडाचं हाड आणि पुढच्या हाताचं हाड यांना बांधून ठेवणारा हा लिगामेंट. पिचर पाऊल टाकून धड पुढे वळवतो तेव्हा त्याचा हात मागे राहतो, इतका मागे की तळवा आभाळाकडे होतो, आणि मग खांदा सेकंदाला सुमारे सात हजार अंश या गतीने पुढे फिरतो. मानवी शरीराच्या सगळ्यात वेगवान हालचालींपैकी ही एक. त्या क्षणी कोपर आतल्या बाजूने उघडू बघतं. प्रयोगशाळेत मोजलेला हा पीळ साठ न्यूटन-मीटरच्या पुढे जातो. मृत शरीरातला लिगामेंट ताणून पाहिला तर तो त्याच्या साधारण निम्म्या भाराला तुटतो. जिवंत पिचरचा तुटत नाही, कारण उरलेला भार आजूबाजूचे स्नायू उचलतात. स्नायू थकले की तो भार जायला दुसरी जागा नाही.

१९७४ साली डॉजर्सच्या टॉमी जॉनचा हा लिगामेंट गेला. तोपर्यंत याचा अर्थ कारकीर्द संपली असा होता. डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्याच दुसऱ्या हातातली एक शीर, म्हणजे स्नायूचा दोर, काढून कोपरात हाडांना भोकं पाडून ओवली. तो १९७६ मध्ये परतला, १९८९ पर्यंत खेळला आणि ऑपरेशननंतर त्याने १६४ विजय मिळवले. आज त्या ऑपरेशनला त्याचंच नाव आहे, आणि शाळकरी मुलांवरही ते होतं. परत यायला साधारण वर्ष-दीड वर्ष लागतं. दुसऱ्यांदा करावं लागलं तर भरवसा कमी.

मग हात जपण्यासाठी काय मोजतात? इनिंग आणि पिच. दोन्ही मापं ढोबळ आहेत. १०० पिच झाल्या की स्टार्टरला काढायचं हा रिवाज रूढ झाला, पण १०० या संख्येत वैद्यकशास्त्राचं काहीही नाही; ती गोल संख्या आहे, इतकंच. आठ इनिंगमध्ये ऐसपैस टाकलेल्या १०० पिच आणि चार इनिंगमध्ये, बेसवर धावणारे उभे असताना, एकेका इनिंगला पंचवीस अशा पिळवटून टाकलेल्या १०० पिच हातासाठी सारख्या कशा असतील? क्लिकरला दोन्ही सारख्याच.

जुनी माणसं म्हणतात, पूर्वीचे पिचर तीन-तीनशे इनिंग टाकायचे, त्यांना काही झालं नाही. स्टीव्ह कार्लटनने १९८० साली ३०४ टाकल्या, त्यानंतर तीनशे कुणी गाठलेले नाहीत. २०२४ मध्ये संपूर्ण मेजर लीगमध्ये २०० चा आकडा फक्त चौघांनी गाठला. पण ‘काही झालं नाही’ हे खरं नाही. सँडी कोफॅक्सने १९६६ साली ३२३ इनिंग टाकल्या, २७ मॅच जिंकल्या, ईआरए १.७३, आणि त्याच वर्षी कोपराच्या सांधेदुखीमुळे वयाच्या तिसाव्या वर्षी खेळ सोडला. तो निदान कोफॅक्स होता म्हणून आपल्याला ठाऊक आहे. विशीतच हात गेलेल्यांची नावं कुणाच्या लक्षात राहतात? शिवाय तेव्हाचे पिचर खालच्या फळीतल्या बॅटरला निम्म्या जोराने टाकू शकत. आज खालची फळीही होमरन मारते.

वॉशिंग्टन नॅशनल्सनी २०१२ साली एक मोठा निर्णय घेतला. त्यांचा स्टीव्हन स्ट्रासबर्ग २०१० मध्ये टॉमी जॉन ऑपरेशनमधून गेला होता. टीम पहिल्यांदाच प्लेऑफच्या, म्हणजे मोसमानंतरच्या बाद फेऱ्यांच्या, वाटेवर होती, आणि त्यांनी सप्टेंबरात १५९ पूर्णांक एक तृतीयांश इनिंगवर त्याला थांबवलं. प्लेऑफमध्ये तो नव्हता. टीम पहिल्याच फेरीत हरली. देशभर टीका झाली. सात वर्षांनी, २०१९ मध्ये, त्याच स्ट्रासबर्गने मोसमात २०९ आणि प्लेऑफमध्ये आणखी ३६ इनिंग टाकून त्यांना वर्ल्ड सीरिज जिंकून दिली आणि तो सीरिजचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. लोक म्हणाले, बघा, जपलं म्हणून टिकला. डिसेंबरात त्याला सात वर्षांचे २४.५ कोटी डॉलर मिळाले. त्या करारात तो जेमतेम ३१ इनिंग टाकू शकला. खांद्यापाशी नसा दबल्या जायच्या, आणि २०२४ मध्ये तो निवृत्त झाला. २०१२ चा निर्णय बरोबर होता की चूक, हे या कथेवरून कुणीच सिद्ध करू शकत नाही. मला विचाराल तर तो बरोबर होता, कारण चोवीस वर्षांच्या मुलाच्या कोपराचा प्रश्न होता.

जपानमध्ये हाच वाद जास्त जिव्हारी लागतो, कारण तिथे तो शाळेच्या मुलांचा आहे. कोशिएनची उन्हाळी शालेय स्पर्धा सारा देश बघतो. १९९८ साली योकोहामा शाळेच्या दाइसुके मात्सुझाकाने उपउपांत्य फेरीत १७ इनिंग एकट्याने टाकल्या, २५० पिच. दुसऱ्या दिवशी उपांत्य फेरीत शेवटची इनिंग टाकली, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी अंतिम मॅचमध्ये एकही हिट दिला नाही. एक पिढी या पराक्रमावर वाढली. मग २०१९ मध्ये इवाते प्रांताच्या अंतिम मॅचला ओफुनातो शाळेच्या कोचने आपल्या सर्वोत्तम पिचरला, रोकी सासाकीला, बसवून ठेवलं. आदल्या दिवशी त्याने १२९ पिच टाकल्या होत्या. शाळा १२-२ अशी हरली, कोशिएन हुकलं, आणि शाळेत संतापलेल्या लोकांचे फोन खणखणत राहिले. पुढल्याच वर्षापासून शालेय स्पर्धांत आठवड्याला ५०० पिचची मर्यादा आली. २०२२ च्या एप्रिलमध्ये, वीस वर्षांच्या सासाकीने व्यावसायिक लीगमध्ये १०५ पिचमध्ये परफेक्ट गेम टाकला: २७ बॅटर आले, २७ आऊट, त्यातले १९ स्ट्राइकआऊट. आठवड्याने पुन्हा आठ इनिंगपर्यंत एकही बॅटर बेसवर गेला नव्हता, आणि १०२ पिचनंतर मॅनेजरने त्याला काढलं. इतिहासात कुणी न केलेली गोष्ट एका इनिंगवर होती. त्या मॅनेजरच्या धीराचं मला फार मोल वाटतं.

डिसेंबर २०२४ मध्ये मेजर लीगने पिचरांच्या दुखापतींवरचा स्वतःचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यात कारणं हीच दिली आहेत: वेगाचा ध्यास, चेंडूची वळवळ वाढवण्याचा ध्यास, आणि प्रत्येक पिचला पुरा जोर. डीग्रॉमचंच उदाहरण पुन्हा घ्या. २०१८ मध्ये त्याची फास्टबॉल सरासरी ताशी ९६ मैल होती, तेहेतिसाव्या वर्षी, २०२१ मध्ये, ती ९९ वर गेली. वयाबरोबर वेग वाढलेला असा पिचर विरळाच. त्या वर्षी त्याचा ईआरए १.०८ होता, २०१८ पेक्षाही चांगला. पण इनिंग फक्त ९२. पुढच्या वर्षी ६४, मग टेक्सास रेंजर्सबरोबर पाच वर्षांचा १८.५ कोटींचा करार आणि त्यात पहिल्या वर्षी ३०, मग दुसऱ्यांदा टॉमी जॉन ऑपरेशन. २०२५ मध्ये, ३७ व्या वर्षी, तो पुन्हा १७२ इनिंग टाकू शकला.

आणि हा वेगाचा ध्यास झिरपत खाली येतो तो माझ्या मुलापर्यंत. त्याच्या वयाची मुलं रडार गनसमोर उभी राहतात, आकडा सांगत फिरतात. मेजर लीग आणि यूएसए बेसबॉलने २०१४ मध्ये वयानुसार पिचची मर्यादा आणि विश्रांतीचं पत्रक काढलं, ते चांगलं आहे. पण क्लिकर मैदानापुरता असतो. शनिवारी लिटल लीग, रविवारी दुसऱ्या एका क्लबची टीम. गेल्या वर्षी त्या क्लबच्या कोचने मुलाला रविवारी उभं केलं, तेव्हा काल किती टाकल्यास हे त्याला कुणीच विचारलं नाही. मीही सांगितलं नाही, याची खंत वाटते. शिवाय मॅचच्या आधी आणि इनिंगच्या मधे सरावाच्या पिच असतात, त्या कुणीच मोजत नाही. फ्लोरिडात हायस्कूलच्या पिचरांची अशी मोजणी झाली, तेव्हा मॅचच्या दिवशी टाकलेल्या १०० पिचपैकी सुमारे ४२ कुठल्याच हिशेबात धरलेल्या नव्हत्या.

अलाबामातल्या बर्मिंगहॅमच्या अभ्यासकांनी २००६ मध्ये एक तुलना प्रसिद्ध केली. खांद्याचं किंवा कोपराचं ऑपरेशन झालेली किशोरवयीन मुलं एका बाजूला, कधीच मोठी दुखापत न झालेली दुसऱ्या बाजूला. वर्षात आठ महिन्यांहून जास्त पिचिंग करणाऱ्यांना धोका पाचपट दिसला. एका वेळी ८० हून जास्त पिच टाकणाऱ्यांना चौपट. आणि हात थकलेला असतानाही वारंवार टाकत राहणाऱ्यांना छत्तीसपट. हॉक-आय, क्लिकर, इनिंग या सगळ्यांपेक्षा मोठा आकडा निघाला तो मुलाला स्वतःला जाणवतं त्याचा.

आमच्या फ्रिजवर आता एक वही लटकवलेली आहे. तारीख, मॅचमधल्या पिच, सरावातल्या पिच, दुसऱ्या टीमच्या पिच, असे चार रकाने मी भरते. पाचवा रकाना तो भरतो, रोज झोपायच्या आधी. त्यावर लिहिलं आहे: ‘हात कसा आहे?’ बहुतेक दिवस तो ‘बरा’ लिहितो. मेमधल्या एका शनिवारी त्याने ६४ पिच टाकल्या होत्या, म्हणजे नियमाने बुधवारी तो टाकायला मोकळा होता, आणि कोचनी त्याचं नावही लिहिलं होतं. मंगळवारी रात्री पाचव्या रकान्यात त्याने लिहिलं, ‘जड’. मी त्या पानाचा फोटो कोचना पाठवला. बुधवारी तो सेकंड बेसला उभा राहिला.